पोर्शे 928 की बीएमडब्ल्यू 850आय: जर्मनीत तीस वर्षांपूर्वीची जीटी घेताना

जर्मनीत तीस वर्षं ओलांडलेली, मोठ्या इंजिनाची कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, घ्यायचं ठरवलं तेव्हा गाड्यांविषयीच्या माहितीला तोटा नव्हता. वानवा होती ती आपल्यासारख्या माणसाच्या अनुभवाची: भारतीय पासपोर्टवर इथे नोकरी करणारा, जर्मन कामापुरतं बोलणारा आणि सरकारी पत्र आलं की आधी शब्दकोश उघडणारा. ऑक्टोबर 2023 मध्ये मी शोध सुरू केला आणि मे 2024 मध्ये गाडी माझ्या नावावर झाली. मधल्या काळात काय लागलं, कुठे थांबावं लागलं, किती पैसे गेले, ते क्रमाने लिहितो. कुणाला उपयोगी पडलं तर बरंच आहे.

आम्ही दोघं लुडविग्सबुर्गला राहतो, स्टुटगार्टच्या उत्तरेला. रोजच्या कामाला साधी हॅचबॅक आहे आणि ती असणं पुढे विम्यासाठी गरजेचं ठरलं. ही दुसरी गाडी लांबच्या प्रवासाची. जीटी, म्हणजे ग्रँड टूरर, या प्रकाराची कल्पनाच मला आवडते: दोन माणसं, त्यांचं सामान, एका दिवसात सात-आठशे किलोमीटर, आणि उतरल्यावर अंग मोडलेलं नको. नुसता वेग हवा असेल तर त्यासाठी वेगळ्या गाड्या आहेत.

आमच्या बजेटमध्ये, म्हणजे दुरुस्तीची राखीव रक्कम धरून 45 हजार युरोंत, खऱ्या अर्थाने दोनच नावं उरली. पहिली पोर्शे 928. ती 1977 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि 1978 चा युरोपियन कार ऑफ द इयर हा मान तिला मिळाला. कंपनीच्या मनात तेव्हा हिने पोर्शेच्याच 911 या गाडीची जागा घ्यावी असं होतं. तसं झालं नाही, पण 928 चं उत्पादन 1995 पर्यंत चाललं. मला हवी होती ती एस 4: पाच लिटरचं, 32 व्हॉल्व्हचं व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, 320 अश्वशक्ती. दुसरी बीएमडब्ल्यू 850आय, 1989 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनातली. पाच लिटरचं व्ही12, म्हणजे बारा सिलिंडरचं, 300 अश्वशक्ती, वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ताशी 250 किलोमीटरवर रोखलेला. कागदावर दोघी जवळजवळ सारख्या. प्रत्यक्षात दोघींचे स्वभाव इतके वेगळे आहेत, हे शेजारच्या सीटवर बसेपर्यंत कळत नाही.

आधी परवान्याबद्दल, कारण नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. इथे राहायला आल्यापासून भारतीय परवान्यावर साधारण सहा महिनेच गाडी चालवता येते. त्यानंतर जर्मन परवाना लागतो. आपला परवाना थेट बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, शिवाय डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. आम्ही दोघांनी हे दोन वर्षांपूर्वीच उरकलं होतं.

मग गॅरेज. या सबंध प्रकरणात सर्वांत जास्त वेळ गॅरेजनेच खाल्ला. जुन्या गाड्यांचा विमा देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांना गाडी बंद जागेत हवी असते आणि या भागात कुलूपबंद गॅरेज मिळणं घर मिळण्याइतकंच अवघड आहे. इमारतींच्या व्यवस्थापकांना पत्रं लिहिली, सुपरमार्केटच्या फलकावर चिठ्ठ्या लावल्या. जानेवारीत घरापासून वीस मिनिटांवर एक मिळालं, महिना 110 युरो. आतली लांबी पाच मीटर, रुंदी अडीच मीटर. हे आकडे लिहून ठेवले म्हणून निर्णय सोपा झाला, ते पुढे येईलच.

850आय आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी पाहिली. मुद्दाम घाई केली, कारण तिची नंबर प्लेट हंगामी होती, एप्रिल ते ऑक्टोबर. हंगाम संपला की अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि चालवून बघायला वसंतापर्यंत थांबावं लागतं. जाहिरातीतल्या फोटोत नंबर प्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन छोटे आकडे दिसले तर ते महिने असतात. फोन करण्याआधी तेवढं बघून घ्या.

गाडी बव्हेरियातल्या लांड्सहूटजवळच्या एका गावात होती. 1991 ची, ऑटोमॅटिक, मागणी 36 हजार. मी फोनवरच विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. या व्ही12 च्या बाबतीत थंड इंजिन ऐकणं फार महत्त्वाचं. त्याची रचना जवळपास दोन सहा-सिलिंडर इंजिनांसारखी आहे: दोन्ही बाजूंना स्वतंत्र कंट्रोल युनिट, स्वतंत्र थ्रॉटल, स्वतंत्र इंधनपंप. त्यामुळे एक बाजू बंद पडली तरी गाडी दुसऱ्या बाजूवर चालत राहते आणि नवख्या माणसाला फक्त ‘जरा मंद आहे’ एवढंच वाटतं. तिकडे न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाऊन त्याची वाट लागते. या गाडीच्या दोन्ही बाजू ठणठणीत होत्या. किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू झालंय हे आरपीएमच्या काट्याकडे बघूनच कळलं.

ए92 या मोटारमार्गावर गाडी घेतली. हा रस्ता डिंगोल्फिंगवरून जातो आणि ही गाडी तिथल्याच कारखान्यात बनलेली. ताशी 160 ला आम्ही दोघं नेहमीच्या आवाजात बोलत होतो. दरवाजाच्या आणि मागच्या काचेच्या मध्ये खांब नाही. चारही काचा खाली केल्या की बाजू पूर्ण मोकळी होते. दरवाजा उघडताना काच आपोआप किंचित खाली सरकते आणि बंद केल्यावर परत वर जाऊन रबरात बसते. 1991 च्या गाडीत हे बघून मला फार आनंद झाला. बायको परतीच्या वाटेवर चालवत होती, तिचं मत एका वाक्यात आलं: “या गाडीत थकायला होणारच नाही.”

मालकांच्या परवानगीने गाडी जवळच्या तपासणी केंद्रात लिफ्टवर घेतली. खरेदीपूर्व तपासणीचे 150 युरो मी दिले आणि असा खर्च कधीही टाळू नये असं माझं ठाम मत आहे. जॅक लावायच्या जागांपाशी गंज होता, एक ब्रेकची नळी बदलायला आली होती. यातलं काहीच जीवघेणं नव्हतं. मला थांबवलं ते फाइलने. 2006 ते 2014 या काळातलं एकही बिल नव्हतं, आणि तेव्हाचा मालक कोण हेही आताच्या मालकांना नीट सांगता येत नव्हतं.

इथे बाबांचा उल्लेख करायला हवा. ते मिरजेला असतात, आयुष्य एसटीच्या कार्यशाळेत गेलं. जर्मन गाड्यांशी त्यांचा कधी संबंध आला नाही, पण फोटो पाठवले तेव्हा ते म्हणाले, “रंग काय बघायलायस, बिलं बघ. कुणी, कधी, काय बदललंय ते कळलं पाहिजे.” पुढे प्रत्येक गाडीच्या बाबतीत मी आधी फाइलचे फोटो मागवले आणि जे विक्रेते टाळाटाळ करत, त्यांच्याकडे गेलोच नाही. खूप फेऱ्या वाचल्या.

850आयच्या मालकांना मी स्पष्ट सांगितलं की गॅरेज मिळेपर्यंत ठरवणार नाही. तेही घाईत नव्हते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, अशा गाड्यांचे व्यवहार थंडावतात, आणि घेणाऱ्याला शांतपणे वाचायला, विचारायला वेळ मिळतो.

मार्चमध्ये 928 पाहिली, दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉय भागात, एका निवृत्त दंतवैद्यांकडे. 1989 ची एस 4, ऑटोमॅटिक, मागणी 38,500. टेबलावर दोन जाडजूड फाइली ठेवलेल्या. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं तारखेप्रमाणे लावलेली. मी सरळ टायमिंग बेल्टचं, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचं, पान शोधलं. या 32 व्हॉल्व्ह इंजिनाची गोम तीच आहे: बेल्ट तुटला किंवा दात सोडून सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट टिकतो असं नाही, रबर वयानेही म्हातारं होतं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून काम निघालं की बेल्ट, रोलर आणि पंप सगळं एकदम बदलतात. इथे शेवटचं काम 2015 चं होतं. म्हणजे खर्च समोर दिसत होता, पण दिसत होता हे महत्त्वाचं. बीएमडब्ल्यूच्या व्ही12 ला टायमिंग चेन असते, तिथे ही धास्ती नाही. तिथली काळजी दुप्पट इलेक्ट्रॉनिक्सची.

ऑटोमॅटिक 928 घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी अशी हिची रचना आहे. मधला लांब शाफ्ट काळाच्या ओघात पुढे सरकून क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, सतत दाब देऊ लागतो आणि त्याला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग खातो. पुढचा क्लँप सैल करून तो ताण मोकळा करतात आणि क्रँकशाफ्टची हालचाल मोजतात. वेळेवर केलं तर काम किरकोळ आहे. दुर्लक्ष झालं तर इंजिन जातं. या गाडीच्या बिलांत ते काम दोनदा नोंदलेलं होतं. ते वाचल्यावर मी मनातून निर्धास्त झालो.

चालवताना ती 850आयपेक्षा जिवंत वाटली. वजन जवळपास दोनशे किलोंनी कमी, स्टिअरिंग जड पण रस्ता हाताला सांगणारं. रुंद टायरांचा आवाज मात्र आत येतो, लांबच्या प्रवासात तो जाणवतो. स्टिअरिंग वरखाली केलं की मीटरचं पूर्ण पॅनेल त्याच्याबरोबर हलतं, त्यामुळे कितीही उंचीच्या माणसाला आकडे झाकले जात नाहीत. मागच्या प्रवाशांनाही सन व्हायझर आहेत. आम्ही घरून दोन मोठ्या बॅगा बरोबर नेल्या होत्या, मागचं दार उघडून दोन्ही सहज ठेवल्या. सामान नेऊन बघाच. विक्रेत्याला विचित्र वाटेल असं मनात आणू नका. या दंतवैद्यांनी तर स्वतः बॅगा उचलल्या.

घरी येऊन दोन्हींची तुलना करायला बसलो. मोटारमार्गावरच्या आरामात 850आय सरस, याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. तिच्या इंजिनासारखी शांतता मी दुसऱ्या कुठल्या गाडीत अनुभवलेली नाही. पण 928 ची बॉडी झिंकचा थर दिलेल्या पत्र्याची, दरवाजे आणि बॉनेट अॅल्युमिनियमचे, गंजाची भीती कमी. तिच्यावर काम करणारं वर्कशॉप आमच्यापासून अर्ध्या तासावर. पोर्शेचा झुफनहाउझेनचा कारखानाच इतका जवळ आहे की या भागात ती गाडी हाताळलेले मेकॅनिक सापडतात. आणि गॅरेज. 850आयची लांबी 4.78 मीटर, 928 ची 4.52. पाच मीटरच्या गॅरेजमध्ये एकीच्या वेळी 22 सेंटीमीटर उरतात, दुसरीच्या वेळी 48. बाविसात गाडीमागून माणूस फिरू शकत नाही. कूपेचे दरवाजे लांब असतात, म्हणून रुंदीही आधीच मोजावी: दार किती उघडेल आणि आपण बाहेर कसे पडू हे खडूने जमिनीवर आखून बघितलं. बायकोची पसंती तेव्हाही 850आयच होती. तिने आठवडाभर विचार केला आणि मग म्हणाली, “जिची फाइल पूर्ण आहे ती घेऊ.”

भाव 36,800 वर ठरला. करारात दोन अटी घातल्या: व्यवहारापूर्वी मुख्य तांत्रिक तपासणी नव्याने व्हावी, आणि ऐतिहासिक वाहनाचा तज्ज्ञ अहवाल विक्रेत्याच्या गावीच घ्यावा, शुल्क मी देईन. गाडी साध्या नंबर प्लेटवर होती. ‘एच’ची, म्हणजे ऐतिहासिक वाहनाची, प्लेट मिळायला पहिल्या नोंदणीला तीस वर्षं झालेली असावी लागतात, गाडी बव्हंशी मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत असावी लागते. तिचे फायदे ठोस आहेत: वाहनकर वर्षाला सुमारे 191 युरो, इंजिन कितीही मोठं असो, आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांत धुराच्या प्रदूषणासाठीच्या हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं.

पहिल्या खेपेला अहवाल मिळाला नाही. गाडीवर पुष्कळ नंतरच्या काळातली 18 इंची चाकं होती, परीक्षकांनी ती मान्य केली नाहीत. मूळ 16 इंची चाकं दंतवैद्यांच्या तळघरात होती, पण त्यांवरचे टायर तडकलेले. नवीन टायर मागवणं, बसवणं, पुन्हा वेळ घेणं यात तीन आठवडे गेले. टायरचा निम्मा खर्च, 420 युरो, मी उचलला. ते आठवडे फार अस्वस्थतेत गेले. एकदा सोडून देण्याचाही विचार आला. शेवटी एप्रिलच्या मध्याला तपासणी आणि अहवाल एकाच दिवशी झाले, मिळून 290 युरो.

विम्यासाठी मूल्यांकनाचा छोटा अहवाल लागला, त्याचे 140 युरो. त्यात गाडीला 1 ते 5 अशी श्रेणी देतात, आमच्या गाडीला 2 वजा मिळाली. विमा कंपनीने रोजच्या वापराच्या गाडीचा पुरावा, गॅरेजचा भाडेकरार आणि वर्षाला जास्तीत जास्त किती किलोमीटर चालवणार ते विचारलं. अर्धवट कॅस्को, म्हणजे चोरी, आग अशा नुकसानीचं संरक्षण, धरून वर्षाचे 340 युरो. नोंदणीसाठी लागणारा सात अक्षर-अंकांचा विमा क्रमांक त्याच दिवशी ईमेलने आला. तो मागताना ‘एच’ प्लेटसाठी हवा आहे हे आवर्जून सांगा.

पैसे देण्याआधी बँकेची दैनंदिन मर्यादा वाढवून घ्या, त्याला आमच्या बँकेत दोन दिवस लागले. रक्कम पोचल्यावर दंतवैद्यांनी नोंदणी प्रमाणपत्राचे दोन्ही भाग, सर्व किल्ल्या आणि गाडीवरून काढलेल्या जुन्या प्लेट माझ्या हाती दिल्या. गाडी त्यांच्याकडेच ठेवून मी रेल्वेने परतलो. नोंदणीला गाडी न्यावी लागत नाही, कागद आणि प्लेट पुरतात.

नोंदणी कार्यालयाची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि दोन आठवड्यांपुढच्याच वेळा दिसत होत्या. सकाळी लवकर बघितलं तर रद्द झालेल्या वेळा मिळतात, तशी एक मिळाली. बरोबर काय न्यायचं: विमा क्रमांक, नोंदणीचा भाग एक आणि दोन, तपासणीचा अहवाल, ‘एच’चा अहवाल, जुन्या प्लेट, कर बँकेतून वळता करण्याची सही केलेली परवानगी. आणि आपल्यासाठी खास: पासपोर्टवर पत्ता नसतो, म्हणून पासपोर्टसोबत रहिवासाचा नोंदणी दाखला. स्टुटगार्टमधल्या एका मराठी मित्राने बजावलं होतं म्हणून मी नवा दाखला काढून नेला होता आणि खिडकीवर पहिल्यांदा तोच मागितला गेला.

पसंतीचा क्रमांक आधी राखून ठेवता येतो. पूर्ण प्लेटवर आठच वर्ण बसतात आणि शेवटचा ‘एच’ त्यात मोजला जातो. शहराची दोन अक्षरं, मधली दोन, मग 928 आणि ‘एच’: बरोबर आठ. कार्यालयात सगळे मिळून साठच्या आत युरो लागले, प्लेटचे वेगळे 32. प्लेट करून देणारी दुकानं कार्यालयाच्या दारातच असतात. पहिल्या दुकानात न थांबता पुढच्या दोन ठिकाणी विचारा, भावात बराच फरक असतो. शिक्के लागलेल्या प्लेट हातात आल्या तेव्हा मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी प्लेटवरचा प्रत्येक आकडा वाचून दाखवायला लावला.

गाडी आणायला आम्ही दोघं गेलो आणि आणल्यावर ती थेट वर्कशॉपमध्ये सोडली. टायमिंग बेल्ट, रोलर, वॉटर पंप, सर्व द्रवपदार्थ, क्रँकशाफ्टची मोजणी: 2,640 युरो. बेल्ट बाहेरून चांगला दिसत होता, पंपाचं बेअरिंग मात्र खरखरत होतं. मोजणी मर्यादेत आली. इथपर्यंतचा खर्च, किंमत सोडून, चार हजारांच्या आसपास गेला. त्याशिवाय दोन हजार बाजूला ठेवले आहेत आणि या वयाच्या गाडीला तेवढे कायम बाजूला असावेत.

सप्टेंबरात आम्ही स्वित्झर्लंडमधल्या सान बर्नार्डिनो घाटमार्गे इटलीतल्या कोमो सरोवरापर्यंत जाऊन आलो. स्वित्झर्लंडच्या मोटारमार्गांसाठी 40 फ्रँकची वार्षिक व्हिन्येट, म्हणजे टोलचा पास, लागते. पेट्रोल शंभर किलोमीटरला तेरा लिटरच्या आसपास गेलं. टाकी 86 लिटरची आहे, त्यामुळे फार वेळा थांबावं लागलं नाही. घाटात गाडी अप्रतिम चालली. मोटारमार्गावर टायरांचा आवाज आला तेव्हा बायको म्हणाली की 850आयमध्ये हा नसता, आणि ते खरंच आहे. संध्याकाळी उतरल्यावर पाठ मात्र दोघांचीही दुखत नव्हती.

पुढची मुख्य तपासणी एप्रिल 2026 मध्ये आहे. त्याआधी गिअरबॉक्सचं तेल बदलायचं आहे आणि प्रवाशाच्या पायापाशी असलेल्या फ्यूज पॅनेलचे संपर्क साफ करायचे आहेत. ही गाडी घेण्याच्या विचारात कुणी असेल तर त्या पॅनेलवरचं झाकण उघडून आत ओल किंवा हिरवट गंज दिसतो का, ते पहिल्याच भेटीत बघून घ्या.